दिवा लागतो, पण रस्ता दिसतो का?

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांवर रात्रीची वर्दळ वाढते. उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक गव्हाणीकडे निघतात, रिकाम्या गाड्या परत फिरतात. त्याच दिवसांत कापसाच्या गाड्या हिंगणघाट, पुलगाव, देवळी, सेलूच्या बाजाराकडे भल्या पहाटे निघतात. लग्नाची वऱ्हाडे असतात, नागपूरचा दवाखाना करून परतणारी माणसे असतात. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या पुढे सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे दिवसाचे निम्म्याहून अधिक तास अंधाराचे, आणि हंगामातली बरीचशी वाहतूक त्या अंधारातलीच.

आता कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे; गाडीच्या दिव्यांशी शेतकी खात्याचा काय संबंध? संबंध असा, की आम्ही आणि आमचे स्लिपबॉय, चिटबॉय, गटातील कर्मचारी हंगामभर रात्री-अपरात्री याच रस्त्यांनी फिरतो. तोडीचा कार्यक्रम, टोळीची भांडणे, बंद पडलेली ट्रॉली, यासाठी रात्री जावेच लागते. या फिरण्यात आम्हांला एक गोष्ट सतत दिसते. एंजिनचे ऑइल वेळेवर बदलणारा, टायरची हवा नेमाने पाहणारा सभासद आपल्या गाडीचे दिवे मात्र लागतात तोवर ठीक आहेत असे धरून चालतो. दिवा लागणे आणि दिव्याने रस्ता दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा लेख त्याच फरकासाठी आहे.

जानेवारी २०२२ मध्ये देवळी तालुक्यातील सेलसुऱ्याजवळ रात्रीच्या वेळी मोटार पुलावरून खाली कोसळली आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे सात विद्यार्थी जागीच गेले. त्या अपघाताचा दोष दिव्यांकडे होता असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. पण रात्रीच्या रस्त्यावर एका क्षणात काय होऊ शकते हे आपल्या जिल्ह्याने तेव्हा पाहिले. जी गोष्ट आपल्या हातात आहे तिच्यात तरी कसूर राहू नये, एवढाच त्यातून घ्यायचा बोध.

किती दिसते आणि किती लागते

समोर अडथळा दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ती किती अंतर जाते, याचा हिशेब सोपा आहे. डोळ्याला दिसले, मनाला कळले आणि पाय ब्रेकवर गेला, यात साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी त्याच वेगाने पुढे जातच असते. नंतर ब्रेक लागतात. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक धरले तर मोटारीचा हिशेब असा येतो:

ताशी ४० किलोमीटर — सुमारे ३० मीटर
ताशी ६० किलोमीटर — सुमारे ५३ मीटर
ताशी ८० किलोमीटर — सुमारे ८२ मीटर

आपल्या भाषेत सांगायचे तर, चार फुटी सरी धरली असता ६० च्या वेगाला त्रेचाळीस सऱ्या आणि ८० च्या वेगाला सदुसष्ट सऱ्या ओलांडून गाडी थांबते. वेग थोडाच वाढला तरी अंतर दीडपट होते, हे पाहून ठेवावे.

आता दिव्याकडे वळू. डिपरवर, म्हणजे खाली वाकवलेल्या उजेडात, चांगल्या स्थितीतला दिवासुद्धा काळी घोंगडी पांघरलेला माणूस किंवा बिनदिव्याची ट्रॉली ४०-५० मीटरपेक्षा लांबून क्वचितच दाखवतो. म्हणजे डिपरवर ८० च्या वेगाने जाणारा माणूस जे दिसत नाही त्याच्या अंगावर गाडी घालत असतो. दिवे मंद असतील तर हे अंतर आणखी कमी होते आणि मग ६० चा वेगही जास्त ठरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील १०५ व्या नियमाप्रमाणे गाडीच्या दिव्यांनी समोरची माणसे व वाहने १५५ मीटरपर्यंत स्पष्ट दिसली पाहिजेत. आपल्या गाडीचे अप्पर लावून कधी तरी मोकळ्या सरळ रस्त्यावर हे पाहावे. पुष्कळांना धक्का बसेल.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला, हिंगणी-बोरधरणच्या अंगाने, तसेच आर्वी-कारंजाच्या डोंगराळ पट्ट्यात रात्री रोही आणि रानडुक्कर रस्ता ओलांडतात. रोह्याचे डोळे उजेडात चमकतात म्हणून तो लांबून कळतो. पण तो पाठमोरा किंवा आडवा असला तर चमक दिसत नाही, आणि अंगाचा रंग तर अंधाराचाच. उभ्या उसातून आणि तुरीतून तो एकदम धुऱ्यावर येतो. तिथे दिव्याचा प्रत्येक मीटर उपयोगी पडतो.

उजेड कुठे गळतो

विहिरीवरून निघालेले पाणी दांडाने वावराच्या शेवटच्या सरीपर्यंत पोचताना जागोजागी जिरते. दिव्याचेही तसेच आहे. बॅटरी, वायर, स्विच, होल्डर, बल्ब, आतली चांदीसारखी वाटी आणि बाहेरची काच, या साऱ्यांतून उतरून उजेड रस्त्यावर येतो. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा गळाला तर शेवटी निम्माच उरतो. आणि हे इतके हळूहळू होते, की रोज चालवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून एकेक ठिकाण पाहू.

बाहेरची काच

जुन्या अॅम्बॅसडरला, जीपला आणि अनेक ट्रॅक्टरना गोल काचेचे दिवे असत. काच पिवळी पडत नाही; पुसली की झाले. आता मोटारींना प्लास्टिकचे दिवे येतात. हे प्लास्टिक, ज्याला पॉलिकार्बोनेट म्हणतात, मजबूत असते, दगड लागला तरी सहसा फुटत नाही. पण उन्हातील अतिनील किरणांनी त्याच्यावरचा संरक्षक थर काही वर्षांत जातो आणि ते पिवळट, धुरकट होते. विदर्भाचे ऊन आपण जाणतोच. गाडी रोज अंगणात उघड्यावर उभी असेल तर हे लवकर होते. धुरकट झालेले प्लास्टिक उजेड कमी करते, शिवाय उरलेला उजेड इकडेतिकडे फाकवते. त्यामुळे आपल्याला कमी दिसते आणि समोरच्याचे डोळे दिपतात, असे दुहेरी नुकसान.

उपाय पुढीलप्रमाणे:

१. हंगामात रोज निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने काच पुसावी. चिखल आणि पाचटाची धूळ यांचा पातळ थरही बराच उजेड खातो. कोरड्या फडक्याने घासू नये, ओरखडे पडतात.

२. पिवळेपणा बाहेरून असेल तर तो घासून काढता येतो. भोवतालच्या रंगाला चिकटपट्टी लावावी. पाण्याने ओला केलेला ८०० किंवा १००० नंबरचा पॉलिश कागद, मग १५००, मग २००० असा क्रम ठेवून सारखा हात फिरवावा. शेवटी रबिंग कंपाउंडने चकाकी आणावी. यावर अतिनील किरण रोखणारा लॅकर मारणे आवश्यक आहे. तो न मारल्यास काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. टूथपेस्टने घासण्याचा घरगुती उपाय चार दिवसांचा आहे, त्यावर विसंबू नये.

३. पिवळेपणा आतून असेल, तडे गेले असतील किंवा आत पाणी साचत असेल तर घासून उपयोग नाही. आधी मागचे रबरी झाकण नीट बसले आहे का, हवेचे भोक बुजले आहे का, ते पाहावे. तरी पाणी राहिले तर दिवा बदलावा.

४. आतल्या चांदीसारख्या वाटीला कधीही फडके लावू नये. तिच्यावरचा चकाकता थर फार पातळ असतो, पुसला की निघून येतो. वाटी काळवंडली वा पापुद्रे सुटले, की नवा बल्ब टाकूनही उजेड येत नाही. अशा वेळी बल्बवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

बल्ब

सध्या रस्त्यावर असलेल्या पुष्कळशा साध्या मोटारी आणि जीप यांत एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. हा १९७१ च्या सुमारास युरोपात आला. त्यात दोन तारा असतात: अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली एक लहानशी धातूची वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून डिपर लावल्यावर उजेड वरच्या अंगाला आपटून रस्त्यावर खाली उतरतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. हे सर्व गणित त्या तारेच्या जागेवर अवलंबून आहे. तार एक-दोन मिलिमीटर सरकली तरी गणित चुकते. म्हणून बल्बाचे तिन्ही कान खाचेत बरोबर बसवून वरची स्प्रिंग लावावी. घाईत तिरका बसवलेला बल्ब लागतो छान, पण उजेड झाडाच्या शेंड्यावर जातो.

बल्ब बदलताना एवढे पाळावे:

१. बल्बाच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा आणि घाम काचेवर राहतो, बल्ब तापल्यावर तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्यावा.

२. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदलावेत. एक गेला म्हणजे दुसरा तेवढेच तास चाललेला असतो, तोही आज-उद्या जाणारच. नव्या-जुन्याचा उजेडही सारखा नसतो.

३. जुना बल्ब खिशात घालूनच दुकानात जावे. ट्रॅक्टर, जीप, मोटार आणि मोटारसायकल यांच्या बल्बांची बैठक एकसारखी नसते. व्होल्टही वाचून घ्यावेत, कारण बहुतेक मोटारी आणि ट्रॅक्टर १२ व्होल्टचे, तर मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात.

४. गाडीत एक जादा बल्ब आणि फ्यूज कायम ठेवावा. जुन्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला तर वर्षभर टिकतो.

एका दिव्यावर गाडी चालवू नये. त्यातही उजवा दिवा गेला तर धोका फार. समोरून येणाऱ्याला डाव्या कडेचा एकच दिवा दिसतो. त्याला वाटते मोटारसायकल आहे, आणि तो बिनधास्त मधोमध येतो. रात्री बल्ब मिळणे शक्य नसेल तर मुक्काम करावा; तेही शक्य नसेल तर वेग अगदी कमी ठेवून डाव्या कडेने यावे.

बॅटरी, वायर आणि अर्थ

नवा बल्ब घातला तरी उजेड तांबूस वाटतो, अशी तक्रार आम्ही बऱ्याचदा ऐकतो. दोष बल्बाचा नसतो, त्याला वीजच पुरेशी पोचत नाही. तारेच्या बल्बाचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मोटारपंपाला व्होल्टेज कमी मिळाले तर पाणी कसे पडते ते आपण पाहतो, इथे त्याहून वाईट.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडून एंजिन चालू व दिवे लावलेले असताना मीटर लावून घ्यावे. बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळावेत. तेच मीटर बल्बाच्या होल्डरवर लावावे. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वाटेत कुठेतरी गळती आहे. ती बहुधा तीन ठिकाणी सापडते: बॅटरीच्या टोकांवर जमलेला पांढरा-हिरवा क्षार, सैल किंवा जळका होल्डर, आणि गंजलेली अर्थची वायर. आपल्याकडे वायरी पाहताना सगळे लोक जिवंत वायर पाहतात, अर्थ कोणी पाहत नाही. बॉडीला जिथे अर्थचा बोल्ट आहे तेथील गंज आणि रंग खरवडून तो घट्ट आवळावा. बॅटरीची टोके धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने साफ करून, कोरडी करून, व्हॅसलिन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. खर्च काही नाही, अर्ध्या तासाचे काम आहे.

जुन्या गाड्यांत दिव्यांची सारी वीज स्विचमधून फिरून येते. स्विच जुना झाला की तिथे ती जिरते. अशा गाडीला रिले बसवून बॅटरीपासून दिव्यापर्यंत चांगल्या जाडीची वायर, फ्यूज घालून टाकली तर साधाच बल्ब नव्यासारखा लागतो.

उलट वारंवार बल्ब जात असतील तर व्होल्टेज जास्त होत नाही ना, हे पाहावे. रेग्युलेटर बिघडून थोडे जरी जादा व्होल्ट आले तरी बल्बाचे आयुष्य निम्म्यावर येते.

जादा वॅट आणि एलईडी

उजेड कमी वाटला, की आपल्यातले बरेच लोक ६०/५५ च्या जागी १००/९० वॅटचा बल्ब घालतात. मूळ वायर आणि होल्डर त्यासाठी केलेले नसतात. दोन दिव्यांना जिथे १० अँपिअर जात होते तिथे साडेसोळाच्या वर जातात, आणि वायर तापण्याचे प्रमाण जवळजवळ पावणेतीनपट होते. होल्डर वितळतो, वाटी काळवंडते, प्रसंगी गाडी पेट घेते. आधी गळती शोधावी. बहुतेक वेळा मूळ बल्बच पुरेसा ठरतो.

दुसरा प्रकार आजकाल फार बोकाळला आहे, तो म्हणजे हॅलोजनच्या दिव्यात बाजारचा एलईडी बल्ब खुपसणे. कंपनीने मुळातूनच एलईडीसाठी केलेला दिवा उत्तम असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण हॅलोजनच्या दिव्याची वाटी पाच-सहा मिलिमीटरच्या तारेसाठी आखलेली असते. तिथे चपट्या पट्टीवरचा एलईडी ठेवला, की उजेड ठरल्या जागी पडत नाही. गाडीच्या अगदी पुढची जमीन पांढरीशुभ्र दिसते, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटते केवढा उजेड पडला! खरे तर लांबचा रस्ता पूर्वीपेक्षा काळा होतो, आणि समोरून येणारा आंधळा होतो. तो आंधळा झाला तर तो आपल्याच अंगावर येणार, हा विचार करावा. जीपच्या टपावर किंवा बंपरवर लावलेल्या एलईडी पट्ट्यांचेही तेच. शेतात ओलिताला उपयोग करा, रस्त्यावर नको.

दिव्याची दिशा

दिवा कितीही चांगला असला तरी तोंड चुकीच्या दिशेला असेल तर व्यर्थ. हे घरच्या घरी पाहता येते. टायरमध्ये बरोबर हवा भरून, चालवणाऱ्याला बसवून, गाडी सपाट जागेवर सरळ भिंतीसमोर उभी करावी. दिवा आणि भिंत यांत ५ मीटर अंतर ठेवावे. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्याच उंचीवर आडवी रेघ ओढावी. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, म्हणून ही कड डाव्या अंगाला थोडी वर चढलेली असते. त्यामुळे डावी कड आणि पायी चालणारे लांबून दिसतात. चढ उजवीकडे दिसला तर तो दिवा उजव्या बाजूने चालणाऱ्या देशाचा आहे, तो परत करावा. दिव्यामागील स्क्रू फिरवून कड वरखाली करता येते. बल्ब वा दिवा बदलला, पुढच्या अंगाला टक्कर झाली, की ही तपासणी पुन्हा करावी. मोटारीसाठी हे माप आहे. ट्रॅक्टर-ट्रकचे दिवे उंच असतात, त्यांचे माप त्यांच्या पुस्तिकेवरून घ्यावे.

एक गोष्ट विशेष. मागे खताची पोती किंवा पाच माणसे बसली, की गाडीचे बूड खाली जाते, तोंड वर उठते आणि डिपरसुद्धा अप्परसारखा होतो. अनेक मोटारींत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची एक चकती असते. ती दिवे खाली करण्यासाठीच आहे. मागे ओझे असेल तर आकडा वाढवावा, रिकामी असेल तर ० वर आणावा.

डिपरचा शिष्टाचार

पूर्वी समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिव्याच्या वरच्या भागाला काळा रंग लावण्याची चाल होती. आता त्याची गरज नाही, कारण डिपर आहे. पण तो दाबायला हवा. समोरून गाडी आली की डिपर, पुढच्या गाडीच्या मागे लागलो की डिपर, धुक्यात डिपर. धाम आणि वर्धा नदीच्या काठाला डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके धरते, त्यात अप्पर लावला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो.

समोरच्याने डिपर दिला नाही म्हणून आपणही अप्पर ठेवायचा, हा हट्ट सोडावा. दिपलेल्या डोळ्यांना पुन्हा नीट दिसू लागायला काही सेकंद लागतात. ६० च्या वेगाने तीन सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. अशा वेळी वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी.

मागून दिसणेही तितकेच महत्त्वाचे

आतापर्यंत पुढच्या दिव्यांचे सांगितले. पण मोटारीचा दिवा कितीही चांगला असला तरी पुढे ट्रॉली काळोखात उभी असेल तर तिचाही निरुपाय होतो. मोटार आणि ट्रॉली दोन्ही आपल्याच सभासदांच्या असतात, म्हणून ही बाजूही सांगणे भाग आहे.

ट्रॉलीला मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावावी. पोळ्याला आपण बैलांच्या शिंगांना बेगड लावतो. बेगड आणि ही पट्टी दोन्ही चमकतात, पण फरक आहे. बेगडावर पडलेला उजेड आरशासारखा भलतीकडे जातो. पट्टीची घडण अशी, की उजेड जिथून आला तिथेच परत जातो, म्हणजे मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांकडे. रस्त्यावरचे चमकणारे खडे, ज्यांना मांजराचे डोळे म्हणतात आणि जे इंग्लंडमधील पर्सी शॉ यांनी १९३४ साली काढले, ते याच तत्त्वावर चालतात. पट्टीला ना बॅटरी लागते ना वायर. मात्र ती स्वच्छ हवी आणि उघडी हवी. आपल्याकडे मोळ्या मागे इतक्या बाहेर येतात, की पट्टी, रिफ्लेक्टर आणि लाल दिवा सारे वाढ्यांखाली झाकले जाते. मोळ्या मागे बाहेर काढूच नयेत, आणि भरल्यानंतर एकदा मागे उभे राहून लाल दिवा दिसतो का ते पाहूनच गाडी हलवावी. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना पट्टी हवी, दिवा शेवटच्या ट्रॉलीला हवाच. बंडीवाल्यांनीही साटीच्या मागे लाल पट्टी लावावी; खर्च थोडा आहे.

ट्रॅक्टरच्या मागे नांगरटीसाठी पांढरा दिवा असतो. तो रस्त्यावर चालू राहिला तर मागच्याचे डोळे दिपतात आणि गाडी समोरून येते आहे असा भास होतो. रस्त्याला लागताच तो बंद करावा.

ट्रॉली बंद पडली तर शक्यतो रस्त्याखाली उतरवावी. न जमल्यास मागे किमान शंभर पावलांवर परावर्तक त्रिकोण ठेवावा. शंभर पावले म्हणजे साधारण ७५ मीटर. वर दिलेला थांबण्याचा हिशेब पाहिला म्हणजे शंभरच का ते कळेल. झाडाची फांदी आणि धोंडे यांनी इशारा होत नाही. आणि दुरुस्ती होताच चाकाला लावलेले धोंडे उचलल्याशिवाय गाडी हलवू नये. ते धोंडे पहाटे एखाद्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाहीत. त्याच्याजवळ दूध असते किंवा मागे घरची माणसे बसलेली असतात.

आपले डोळे

वयाच्या साठीला डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो, असे डोळ्यांचे शास्त्र सांगते. त्यात मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्याभोवती खळे दिसते. दिवसा स्वच्छ दिसते म्हणून रात्रीही दिसते असे ज्येष्ठ सभासदांनी धरू नये. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारखी सोय आपल्या जिल्ह्यात आहे, वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. गाडीची समोरची काच आतून-बाहेरून आणि डोळ्यांवरचा चष्मा पुसणे हेही दिव्यांच्या निगेतच येते.

निघण्यापूर्वी दोन मिनिटे

१. दिव्यांच्या काचा आणि समोरची काच पुसली का?
२. अप्पर, डिपर, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लागतात का?
३. मागचा लाल दिवा आणि ब्रेकचा दिवा लागतो का? एकटे असाल तर गाडी मागे भिंतीकडे करून ब्रेक दाबा, भिंतीवर लाल उजेड दिसतो.
४. मागे ओझे आहे का? मग चकतीचा आकडा वाढवला का?
५. जादा बल्ब, फ्यूज, बॅटरी आणि त्रिकोण गाडीत आहेत का?
६. ट्रॉली असेल तर मागची पट्टी झाकली तर नाही?

ही यादी कापून गाडीच्या कप्प्यात ठेवावी. ट्रॅक्टरचालक आणि मुकादम यांनाही वाचून दाखवावी, कारण रात्री गाडी त्यांच्या हातात असते, आणि पुष्कळदा त्या ट्रॉलीवर त्यांची बायकामुलेही असतात. मालकाने पट्टी आणून दिली नाही तर चालक ती कोठून लावणार? हे काम मालकाचे आहे.

लागणीपूर्वी बेण्याचा डोळा आपण निरखून घेतो, कारण डोळा मेला तर सरी रिकामी राहते हे आपल्याला ठाऊक असते. दसरा-दिवाळीच्या मोकळ्या दिवसांत तेवढ्याच बारकाईने गाडीचे दिवे पाहून घ्यावेत. गटातील कोणा सभासदाला भिंतीवरची तपासणी करून पाहायची असेल तर आमच्या गट कार्यालयात सांगावे, आमचे कर्मचारी सोबत उभे राहून ती दाखवतील.

हंगाम सर्वांना सुखरूप जावो.